विश्लेषण : चालकाचे डोळे तपासले, मनाचे काय?

गणेशोत्सव असो वा आंब्याचा हंगाम, मुंबई-गोवा महामार्ग रात्रभर जागा असतो. परशुराम, भोस्ते, निवळी हे घाट उतरताना बसमधील सगळ्यांचा जीव एका माणसाच्या भानावर असतो. ते भान तपासण्याची व्यवस्था मात्र अपुरी आहे.

सध्या काय तपासतात?

व्यावसायिक परवान्यासाठी डॉक्टरांचा ‘नमुना १-अ’ दाखला लागतो. त्यात भर असतो तो दृष्टी, रंगओळख, श्रवण आणि हातापायांवर. मानसिक आजार किंवा व्यसनाची पद्धतशीर तपासणी त्यात नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळणे हा गुन्हा आहे. मानसिकदृष्ट्या अयोग्य स्थितीत वाहन चालवण्यास कलम १८६ मनाई करते. पण श्वासचाचणीत फक्त दारू सापडते. गांजा, गुंगी आणणारे औषध, नैराश्य किंवा सलग जागरणे त्यात दिसत नाहीत.

दुर्लक्षाची किंमत काय?

२५ जानेवारी २०१२ रोजी पुण्याच्या स्वारगेट स्थानकातून एका एसटी चालकाने बस पळवली आणि नऊ जणांचा बळी गेला. त्याच्या मानसिक स्थितीचा मुद्दा खटल्यात शेवटपर्यंत राहिला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. अशी घटना विरळाच. मानसिक आजार असलेला प्रत्येक जण धोकादायक नसतो आणि उपचाराने अनेक जण कामावर परततात. मात्र प्रश्न न्यायालयात पोहोचण्याआधी आगारातच विचारला जायला हवा.

मग करायचे काय?

दरवर्षी झोप आणि मनःस्थितीची विचारपूस व्हावी. मद्यपानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ प्रश्नावली आहेच. शंका आली तर थेट परवान्यावर घाला न घालता तज्ज्ञांकडे पाठवावे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

खरी अडचण कुठे?

भीतीत. आजार सांगितला तर स्टेअरिंग जाईल, असे वाटणारा चालक तो लपवणारच. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे संरक्षण आहे. त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम देता येते. खासगी ट्रॅव्हल्स आणि ट्रकच्या चालकाला तो आधार नाही. गाडी थांबली की त्याची चूल थांबते. म्हणून तपासणीसोबत गोपनीयता, उपचारकाळात पर्यायी काम आणि बरे झाल्यावर परतीची हमी हवी. ती नसेल, तर तपासणी कागदावरच राहील आणि आजारी चालक घाटात.