वजनकाटा आणि खेळाचा तास

विद्यार्थी मित्रहो, वजनकाटा काय मोजतो, असे विचारले तर तुम्ही चटकन 'वजन' असे उत्तर द्याल. उत्तर बरोबर आहे. परंतु त्या वजनात मेद किती, स्नायू किती आणि हाडे किती, हे काटा सांगत नाही. मुलांमधील लठ्ठपणाला आळा घालण्यासाठी शाळांतून कार्यक्रम आखताना ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, असे मला वाटते.

याचे एक बोलके उदाहरण पुण्याचेच आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीर-वस्तुमान निर्देशांक मिळतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराची मोजणी केली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. ही तुलना २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

"आपल्या देशात कुपोषण एवढे असताना लठ्ठपणाची चिंता कशाला?" असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तरही याच संशोधकांच्या कामात सापडते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी १९९३ पासून गर्भवती माता व त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोग्रॅम होते. आपली बाळे स्नायूंनी बरीच कमी भरली. त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. सारांश, कुपोषण आणि मेदवृद्धी ही एकाच घरात, कधी एकाच शरीरात नांदू शकतात. म्हणून किडकिडीत दिसणाऱ्या मुलालाही मैदानाची व सकस अन्नाची तेवढीच गरज आहे.

आता शाळा काय करू शकते ते पाहू. डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील दोन आणि तुलनेसाठी नाशिकची एक शाळा घेऊन पाच वर्षांचा प्रयोग केला. पुण्याच्या मुलांना खेळाचे जादा तास दिले, रोज योगातील श्वसनाचे व्यायाम घेतले आणि शारीरिक शिक्षणाला गुण ठेवले. शाळेतले जेवण सुधारले, दारातले खाद्यपदार्थांचे फेरीवाले हटवले, पालक-शिक्षकांनाही आहाराची माहिती दिली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगातील मुले तुलनेतील मुलांपेक्षा अधिक वेळ खेळत होती. फळेही अधिक वेळा खाल्ली जात होती. चार क्षमता-चाचण्यांत ही मुले सरस ठरली आणि त्यांच्या कमरेचा घेरही कमी भरला. परंतु निर्देशांक व लठ्ठ मुलांचे प्रमाण यांत घट झाली नाही!

मग प्रयोग फसला काय? केवळ काट्याकडे पाहणारा 'होय' म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. कमरेचा घेर पोटाभोवतीच्या मेदाची कल्पना देतो, आणि मधुमेह व हृदयविकार यांचा संबंध याच मेदाशी अधिक आहे. मोजपट्टी चुकीची निवडली तर चांगले कामही वाया गेलेसे दिसते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

मात्र खेळाने सारे भागेल, असेही नाही. थोडे गणित करा. ४० किलोग्रॅम वजनाचा मुलगा कर्नाळा किल्ला चढला आणि चढ ४०० मीटर धरला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य ४० × ९.८ × ४०० म्हणजे १,५६,८०० जूल, अर्थात सुमारे ३७ उष्मांक झाले. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरली, तर खर्च दीडशे ते एकशे नव्वद उष्मांक येतो. ३०० मिलिलिटर कोलाच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ १३० उष्मांक असतात. दीड बाटलीत कर्नाळा फिटला! म्हणूनच मैदान आणि ताट या दोहोंचा विचार एकदमच करावा लागतो.

नियम झाले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांत अति मेद, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस बंदी केली. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी ती शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत नेली. पण ५० मीटर चालायला चाळीसएक सेकंद पुरतात. तेव्हा शाळेच्या आतच उसळ, इडली, केळे, चिक्की असे काही स्वस्त व चविष्ट मिळाले नाही, तर पावले बाहेर वळणारच.

शिक्षकबंधू-भगिनींना माझी दोन मागणी आहेत. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला किंवा विज्ञानाला देण्याची प्रथा बंद करावी. तो तास आम्हा विज्ञानवाल्यांनी तर मुळीच मागू नये. आणि वर्गासमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचणे थांबवावे. त्याने मेद उतरत नाही. मूल मात्र मैदानापासून दूर पळते.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही काट्याऐवजी घड्याळ घ्या. पाच मिनिटे धावून झाल्यावर नाडी पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, याची नोंद महिनाभर ठेवा. नियमित खेळलात तर तो वेळ हळूहळू कमी होताना दिसेल. हा प्रयोग शेजारच्या मुलाशी स्पर्धा म्हणून करू नका. आपल्या आजच्या नोंदीची तुलना आपल्याच गेल्या महिन्याच्या नोंदीशी करावी.