काँक्रीटची जाळी आणि साठ वर्षांची अट

दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ ही वास्तू एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत पाडून टाकण्यात आली. देशातील वास्तुविशारदांनी हळहळ व्यक्त केली. परदेशांतील नामांकित संग्रहालयांनी ती वाचविण्यासाठी आधीच पत्रे धाडली होती. सर्वसाधारण नागरिकाला मात्र आपले काही गेले असे वाटले नाही. वाटावे तरी कसे? मंदिर, किल्ला, राजवाडा, नाही तर निदान साहेबाच्या अमदानीतील दगडी इमारत म्हणजे वारसा, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्यात कोणी संस्कृती शोधू लागला तर त्याची थट्टाच व्हावयाची. परंतु स्वतंत्र भारताची म्हणून काही सांस्कृतिक ओळख असेल, तर तिचा एक अस्सल पुरावा त्या रात्री ढिगाऱ्यात गेला, हे स्पष्टपणे सांगावयास हवे.

ही वास्तू उभी राहिली ती १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात भरलेल्या ‘एशिया ७२’ या आंतरराष्ट्रीय व्यापार प्रदर्शनासाठी. वास्तुविशारद राज रेवल आणि अभियंते महेंद्र राज. मध्ये एकही खांब नसलेले ७८ मीटर रुंदीचे दालन आच्छादावयाचे, तर लहान लहान दांड्या त्रिकोणांत गुंफून केलेली त्रिमितीय चौकट हा त्यावरील उत्तम उपाय. जगभर अशा चौकटी पोलादाच्या करीत. दांड्या कारखान्यात घडवावयाच्या आणि जागेवर आणून जोडावयाच्या. त्या काळी भारतात पोलाद महाग आणि दुर्मिळ होते. सिमेंट होते, आणि हात होते. तेव्हा जे तंत्र पोलादासाठी जन्मले ते काँक्रीटमध्ये उतरविण्याचे धाडस या दोघांनी केले. अनेक दांड्या एकाच बिंदूत मिळतात तेथे सळयांची किती दाटी होते आणि त्यात काँक्रीट नीट भरणे किती जिकिरीचे असते, हे बांधकामावर उभा राहिलेला कोणताही मुकादम सांगू शकेल. साचे बांधून, यंत्रांपेक्षा मजुरांच्या हातांवर भिस्त ठेवून हे काम मुदतीत पुरे झाले. काँक्रीटमध्ये एवढ्या आकाराची त्रिमितीय चौकट तोवर जगात कोणी उभारली नव्हती.

या वास्तूवर ना घुमट होता, ना छत्री, ना कमळ. तरीही तिच्या खोल त्रिकोणांमधून ऊन अडत असे आणि उजेड गाळून आत येत असे. म्हणजे मोगल वास्तूंतील दगडी जाळी जे काम करीत आली तेच काम येथे इमारतीचा सांगाडाच करीत होता. भारतीयत्व दर्शनी भागावर चिकटवावे लागत नाही. हाताशी असलेले साहित्य, डोक्यावरचे ऊन आणि कामाला येणारा माणूस यांचा प्रामाणिक विचार केला की ते बांधणीतच उतरते. ‘हॉल ऑफ नेशन्स’ने हे जितक्या स्वच्छपणे सिद्ध केले तितके फारच थोड्या इमारतींनी केले असेल.

तिला संरक्षण नाकारले गेले त्याचे कारण मात्र अगदी कारकुनी होते. साठ वर्षे पुरी न झालेल्या वास्तूचा वारसा म्हणून विचार होणार नाही, अशी भूमिका दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीने घेतली. वास्तूचे वय होते पंचेचाळीस. या हिशेबाने २०१७ साली १९५७ नंतरचे काहीही विचारात घेण्याजोगे नव्हते. म्हणजे सत्तर वर्षांच्या स्वतंत्र देशाची पहिली दहा वर्षे तेवढी पात्र! यात विपरीत असे की, आदल्याच वर्षी चंडीगढचा कॅपिटॉल परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला होता आणि त्याचे आपण कौतुकाने स्वागत केले होते. तेथील विधानसभेच्या इमारतीलाही तेव्हा साठ वर्षे झालेली नव्हती. तेथील उच्च न्यायालय आणि सचिवालय यांच्या बांधणीत तरुण महेंद्र राज यांचा हात होता. अर्थात ते शहर दिल्लीच्या समितीच्या कक्षेतले नव्हे. पण आराखड्यावर ल कॉर्बुझिए हे नाव असले की आधुनिक वास्तू वारसा ठरते आणि रेवल हे नाव असले की अडगळ, अशी शंका कोणी घेतली तर त्याला काय उत्तर द्यावे?

राजधानीला मोठ्या संमेलनगृहाची गरज होती, ही दुसरी बाजू नाकारता येणार नाही. जुनी दालने नव्या अपेक्षांना अपुरी पडत होती. परंतु प्रगती मैदान काही चार गुंठ्यांचे नव्हे. जुने सांभाळून नवे बसविण्याचा प्रश्न वास्तुविशारदांपुढे आव्हान म्हणून ठेवता आला असता. त्या परिसरात २०२३ मध्ये ‘भारत मंडपम्’ उघडण्यात आले. नाव बसवेश्वरांच्या अनुभव मंडपावरून, आकाराची प्रेरणा शंखाची. इमारत भव्य आहे, सोयीची आहे, जी-२० परिषदेत ती उपयोगीही पडली. तथापि शंख हा आकार झाला. तो काचेत करा, पोलादात करा, कोणत्याही देशात करा. बांधणीला त्याचे सोयरसुतक नसते.

मुंबईपुरते समाधान असे की, १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेला उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचे स्थान लाभले. त्याही त्यांच्या काळी नव्या काँक्रीटच्या, नव्या धाटणीच्याच होत्या. मधली अडचणीची वर्षे त्यांनी निभावली ती रसिकतेमुळे किती आणि भाडेनियंत्रण कायद्यामुळे किती, हा प्रश्न वेगळा. सरकारी वास्तूला असा भाडेकरूही नसतो. पणजीतील मांडवीकाठची कला अकादमी, चार्ल्स कोरिया यांची रचना, नूतनीकरण सुरू असतानाच जुलै २०२३ मध्ये तिच्या खुल्या रंगमंचावरील छत कोसळले, आणि मग गोमंतकीय रसिक जागे झाले.

वयाची अट काढून टाकून स्वातंत्र्योत्तर वास्तूंची स्वतंत्र सूची करणे हे फार खर्चाचे काम नाही. ‘इन्टॅक’ने दिल्लीसाठी अशी यादी तयार केलीही होती, ती कागदावर राहिली. महाराष्ट्राने आणि गोव्याने आपापली यादी करावयाची, तर त्यासाठी पुढचे छत कोसळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.