पहिलेच पीक बुडाले तर?

नांदेडच्या आठवडी बाजारात वाळलेले झिंगे मापाने मिळतात. आमच्या पिढीला कोळंबीची ओळख होती ती एवढीच. त्यामुळे १९९२ साली बँकेने माझी बदली आंध्रात, गोदावरीच्या मुखाजवळच्या एका शाखेत केली आणि पहिल्याच आठवड्यात कोळंबीच्या तळ्यांसाठी कर्ज मागणाऱ्या फायलींचा गठ्ठा टेबलावर येऊन पडला, तेव्हा मी गांगरलो. देगलूर-बिलोलीकडच्या माणसाला येते तेवढी तेलुगू मला येत होती. बहुधा म्हणूनच मला तिकडे पाठवले असावे. निघताना आई म्हणाली, ‘गोदेच्याच काठी चाललास, परदेशात थोडाच चाललास!’ तिचे बरोबर होते. आमच्या घाटावरून पुढे गेलेले पाणी धर्माबादवरून आजच्या तेलंगणात शिरते आणि धवळेश्वरमच्या खाली फाटे फोडत समुद्राला मिळते. त्या फाट्यांच्या आसपास तेव्हा भाताची खाचरे मोडून तळी खणण्याची घाई चालली होती.

कोळंबी तिथे पूर्वीही होत होती. भरतीच्या पाण्याबरोबर येतील ती पिले बांध घालून अडवायची, मोठी झाली की धरायची. खर्च थोडा, मिळकतही थोडी. नव्या पद्धतीत टायगर कोळंबीचे बीज हॅचरीतून विकत आणायचे, दाट सोडायचे, कारखान्यात तयार झालेले खाद्य दिवसातून अनेक वेळा टाकायचे आणि पाण्यात प्राणवायू मिसळावा म्हणून एरेटरची चाके फिरवत ठेवायची. चार-पाच महिन्यांत पीक हाती आणि गिऱ्हाईक थेट जपान-अमेरिकेतले. भाताच्या दोन हंगामांत जे पैसे दिसत नसत ते एका पिकात दिसू लागले. गावात नव्या मोटारसायकली आल्या, लग्ने मोठी होऊ लागली. शेजाऱ्याच्या घरावर दुसरा मजला चढताना पाहून कोणता शेतकरी स्वस्थ बसेल?

आमच्या शाखेचा एक कर्जदार होता. तीन एकर भात, दोन मुली, स्वभावाने भिडस्त. त्याचा प्रकल्प अहवाल मीच तपासला. छापील नमुन्यात बीज, खाद्य, वीज, मजुरी, जगण्याचे प्रमाण, अपेक्षित भाव, हप्ता अशी सगळी बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. पीक साफ बुडाले तर काय, यासाठी मात्र त्यात रकाना नव्हता. मलाही तो सुचला नाही. मी सही केली.

१९९५ च्या सुरुवातीला एके दिवशी शाखा उघडायच्या आधीच तो दाराशी उभा होता. म्हणाला, ‘मॅनेजरगारू, तळ्यावर कावळे जमलेत.’ मला त्याचा अर्थ कळला नाही. शिपायाला कळला. तो खाली मान घालून बाजूला झाला. मरायला टेकलेली कोळंबी काठाशी येते आणि ते पक्ष्यांना माणसांच्या आधी समजते. कवचावर पांढरे ठिपके आणणारा तो विषाणू होता. १९९४-९५ मध्ये तो पूर्व किनाऱ्यावर पसरला आणि एकदा तळ्यात शिरला की आठवड्याभरात तळे रिकामे करू लागला. औषध तेव्हा नव्हते, आजही नाही. या माणसाचे ते पहिलेच पीक होते.

त्याच्या बांधाला बांध लागून दुसऱ्या एका कर्जदाराचे तळे होते. बीज, खाद्य, पाण्याची खाडी आणि रोग, सगळे तेच. फरक इतकाच, की याने तीन वर्षे आधी सुरुवात केली होती. चार चांगली पिके पदरात पडल्यावर त्याचे पाचवे बुडाले. तो हळहळला, वर्षभर थांबला आणि पुन्हा उभा राहिला. पहिल्याची जमीन गेली. त्या तिमाहीच्या विवरणपत्रात मी दोन्ही खाती एकाच शीर्षाखाली दाखवली होती, आणि दोन्ही मिळून चित्र तितकेसे वाईट दिसत नव्हते.

नवी पद्धत परवडते की नाही, हा प्रश्न आपण नेहमी सरासरीने सोडवतो. साधे उदाहरण घेऊ. समजा, एका पिकाचा खर्च सहा लाख रुपये आणि विक्री नऊ लाख. तीन लाख नफा, म्हणजे गुंतवणुकीच्या निम्मा. ऐकायला सोन्यासारखा धंदा. आता तीनांतले एक पीक साफ बुडते असे धरा. दोन पिकांनी सहा लाख दिले, तिसऱ्याने सहा लाख नेले. हाती शून्य, व्याज वेगळे. आणि हा हिशेबसुद्धा बुडणारे पीक शेवटी आले तरच लागू. ते पहिलेच आले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पिकासाठी भांडवल कुठले? थकबाकीदाराला बँक नवे कर्ज देत नाही, सोने आधीच गहाण पडलेले असते. सरासरीतली ती दोन चांगली पिके त्या माणसाच्या वाट्याला येतच नाहीत. शेकडो खाती असलेल्या बँकेला सरासरी उपयोगी पडते, मंत्रालयालाही पडते. ज्याच्याकडे एकच तळे आहे त्याला कोणते पीक आधी आले यावर जगावे लागते.

दुसरीही एक गोष्ट मला तिथेच कळली. नवी पद्धत सुटी विकत घेता येत नाही. बीज दाट सोडले की प्राणवायू कमी पडतो, म्हणून एरेटर. एरेटर म्हणजे रात्रभर वीज. प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर काही तासांत सगळा माल मरू शकतो, म्हणून जनरेटर आणि डिझेल. खाद्यावर एकूण खर्चाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग जातो. तेवढी रोकड जवळ नसते, म्हणून खाद्याच्या दुकानदाराकडे उधारी. उधारी घेतली की माल बहुतेक त्यालाच किंवा त्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला द्यावा लागतो, आणि भाव तो सांगेल तो. बँकेच्या कागदावर व्याजाचा एक दर असतो. या उधारीचे व्याज किलोमागे कापलेल्या भावात लपलेले असते, आणि ते आमच्या तपासणीत कधी आले नाही.

तळ्यांचा खर्च शेजाऱ्यांनाही सोसावा लागत होता. खारे पाणी पाझरून भाताची खाचरे आणि विहिरी खराब झाल्या. मजुरांचे भातातले काम गेले. ११ डिसेंबर १९९६ रोजी एस. जगन्नाथ यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पारंपरिक पद्धतीची तळी वगळून किनारपट्टीच्या नियंत्रित क्षेत्रातले कोळंबी प्रकल्प मोडण्याचा आदेश दिला आणि शेतजमिनीची अशी तळी करण्यास मनाई केली. पुढे २००५ मध्ये किनारी मत्स्यशेतीसाठी स्वतंत्र कायदा होऊन प्राधिकरण आले आणि नोंदणी करून हा धंदा चालू राहिला. त्या निकालावर तेव्हा शाखेत फार चिडचिड झाली होती. कर्ज आमचे अडकले होते ना!

२००९ मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची व्हेनामी जात भारतात आणण्यास परवानगी मिळाली. रोगमुक्त जनक कोळंबी विमानाने आणायची, चेन्नईत अलग ठेवून तपासायची, मगच हॅचरीला द्यायची. ही कोळंबी टायगरपेक्षा दाट वाढते आणि कमी खाऱ्या पाण्यातही तगते. समुद्र शेकडो कोस दूर असलेल्या हरियाणातल्या क्षारपड जमिनीवरही आज तिची तळी आहेत. देशाची गोठवलेल्या कोळंबीची निर्यात २०२३-२४ मध्ये सुमारे ७ लाख १६ हजार टनांवर, म्हणजे ४० हजार कोटी रुपयांवर गेली. हे यश खरे आहे आणि ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण त्यातला चाळीस टक्क्यांहून अधिक माल एकट्या अमेरिकेत गेला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क पन्नास टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा तळ्यातली कोळंबी ठणठणीत असूनही हिशेब आजारी पडला.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रयोग मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या मोगलतुर्रू गावी २००२ च्या सुमारास सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने लहान शेतकऱ्यांचे गट बांधले. गटाने मिळून हॅचरीशी सौदा करायचा, बीज प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचे, सर्वांनी एकाच सुमारास सोडायचे, आणि एकाच्या तळ्यात रोग दिसला तर ते पाणी खाडीत न सोडता शेजाऱ्यांना सांगायचे. खाडी एकच. एकाचे सोडलेले पाणी ते दुसऱ्याचे घेतलेले पाणी. मग एकट्याने कितीही महागडी पद्धत आणली तरी तिचा काय उपयोग? या गटांत रोगाचे प्रमाण उतरले. पुढे २००७ मध्ये असे गट देशभर बांधण्यासाठी स्वतंत्र केंद्र निघाले. यात यंत्र नव्हते, म्हणून अनुदानही थोडेच होते, आणि फीत कापण्यासारखे तर काहीच नव्हते. होता तो सर्वांनी पाळायचा एक दिनक्रम. शेजाऱ्याला ‘माझ्याकडे रोग आला’ असे सांगणे किती अवघड असते, ते गावात राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

हे सारे आज आठवायला कारण घडले. आपल्याकडे २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत शेततळी झाली. २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत साधारण लाभार्थ्याला चाळीस टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के अनुदान आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. हे चांगलेच झाले. सोयाबीनच्या भावावर आणि पावसावर लटकलेल्या नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला दुसरा आधार हवाच. पण सफेद मुसळी, ईमू, कर्जाचे पॉलिहाऊस ही आपल्याकडची वाट अजून लोक विसरलेले नाहीत. त्या प्रत्येकात आधी शिरलेल्या चौघांचे फोटो छापून आले आणि मागून गेलेल्यांच्या नोटिसा. अनुदानाचेही एक विचित्र आहे. ते तळे खणायला, कागद अंथरायला मिळते. पहिले पीक बुडाल्यावर दुसरे घेण्यासाठी मिळत नाही. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सहा हजार कोटींच्या केंद्रीय योजनेत मत्स्यशेतीच्या विम्याला प्रोत्साहन ठेवले आहे. तो विमा शेततळ्यापर्यंत पोचतो का, आणि कर्जाच्या नमुन्यात बुडालेल्या पिकाचा रकाना येतो का, हे मी निवृत्त माणूस उत्सुकतेने पाहतो आहे.

मागच्या रविवारी लोहा तालुक्यातला एक मुलगा फाईल घेऊन घरी आला. शेततळ्यात गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी करायची म्हणतो. बीज किनाऱ्यावरून आणावे लागणार, कारण त्या पिलांना सुरुवातीला खारेच पाणी लागते. अहवाल नेटका होता. बायकोने चहा ठेवला, मी चष्मा लावला.

‘एप्रिलमध्ये तळ्यात पाणी किती असतं रे?’

‘बोअरचं सोडतो ना, काका.’

‘आणि २०१६ सारखं वर्ष आलं तर? लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते?’

तो जरा वेळ गप्प बसला. मग मी त्याला अहवालाच्या शेवटच्या पानावर हाताने एक रकाना आखायला सांगितला आणि विचारले, पहिले पीक पूर्ण गेले तर दुसऱ्याचे पैसे कुठून आणशील ते इथे लिही. त्याने लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. शेवटी म्हणाला, ‘काका, अर्ध्या तळ्यात आधी रोहू-कटलाच सोडतो. कोळंबीचं थोडंच बीज आणतो, कर्ज न काढता. जमलं तर पुढच्या वर्षी बँकेत जातो.’

चहा तोवर निवला होता. तो पुन्हा गरम करायला गेला आणि आम्ही बीजाच्या वाहतुकीचा खर्च मांडायला घेतला.