सेनापति बदलावा काय?

हरणाऱ्या संघाचे चाहते आणि आजाऱ्याचे आप्त यांच्या बोलण्यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं. रोग कोणता याचा निश्चय होण्यापूर्वींच वैद्य बदलावा, असें दोघांसही वाटूं लागतें. २०२४ सालच्या भाऊबिजेस, म्हणजे ३ नोव्हेंबर रोजीं, मुंबईच्या वानखेडे मैदानावर न्यूझीलंडविरुद्धचा कसोटी सामना भारतीय संघानें गमावला, तेव्हां नागपुरांत घरोघरीं हाच प्रकार दृष्टीस पडला. जिंकण्यास १४७ धांवा हव्या होत्या. सारा संघ १२१ धांवांत बाद झाला. बंगळूर व पुणें येथील सामने आधींच गेले होते. मायदेशांत तीन सामन्यांच्या मालिकेंतील तिन्ही सामने हरण्याची नामुष्की भारतावर पूर्वीं कधींच आली नव्हती. ओवाळणीचें तबक एकीकडे राहिलें, आणि भाऊ, मेहुणे, जांवई असे सर्व मिळून एकाच प्रश्नावरून हमरीतुमरीवर आले: कर्णधार रोहित शर्मा हे त्या पदास योग्य आहेत कीं नाहींत?

या प्रश्नांत नागपूरकरांस विशेष रस असणें स्वाभाविक होतें. शर्मा यांचा जन्म ३० एप्रिल १९८७ रोजीं नागपुरांत झाला. क्रिकेट ते शिकले तें मुंबईस, बोरिवलीला. परंतु जन्मभूमीचा हक्क सोडण्यास आपण वैदर्भीय सहसा तयार नसतों, आणि मनुष्य जिंकत असला म्हणजे तर मुळींच नाहीं. शिवाय त्यांच्या आयुष्यांतील एक विलक्षण प्रसंग येथेंच घडला. ६ फेब्रुवारी २०१० रोजीं जामठ्याच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ते पहिला कसोटी सामना खेळावयाचे होते. परंतु खेळ सुरू होण्यापूर्वीं अंग मोकळें करण्यासाठीं फुटबॉल खेळत असतांना त्यांचा घोटा दुखावला आणि त्यांच्या जागीं वृद्धिमान साहा यांस घेण्यांत आलें. कसोटीची टोपी मिळण्यास पुढें नोव्हेंबर २०१३ उजाडावा लागला. तेव्हां कलकत्त्यास पहिल्याच डावांत त्यांनीं १७७ धांवा काढल्या. फेब्रुवारी २०२३ मध्यें याच जामठ्यास कर्णधार म्हणून येऊन ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२० धांवा काढल्या, आणि भारतानें तो सामना एक डाव व १३२ धांवांनीं जिंकला, तेव्हां जुनें देणें फिटलें असें पुष्कळांस वाटलें.

आमच्या धंतोलीच्या बागेंत सायंकाळीं वृद्धांचा जो मेळा भरतो, त्यांत २०२४ च्या हिंवाळ्यांत सरळ दोन तट पडले. एका पक्षाचे पुढारी एक निवृत्त हिशेबनीस. त्यांचें सारें म्हणणें आंकड्यांचें. बंगळुरास पहिला दिवस पावसांत गेलेला, आकाश ढगाळ, झांकून ठेवलेली खेळपट्टी ओलसर. अशा स्थितींत नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली कोणी? कर्णधारानें. संघ किती धांवांत बाद झाला? ४६. तीन सामन्यांतील सहा डावांत कर्णधाराच्या स्वतःच्या धांवा किती? ९१. यानंतर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांतील पहिला सामना पर्थला झाला. घरीं अपत्यजन्म झाल्यामुळें कर्णधार तेथें नव्हते. जसप्रीत बुमराह यांनीं संघ चालविला, आणि विजय मिळाला तो २९५ धांवांनीं. हा हिशेबनिसांचा रामबाण. याहून दुसरें प्रमाण कोणतें हवें, असें विचारून ते चष्मा पुसूं लागत.

उत्तरपक्ष मांडणारा होता आजोबांना घरीं नेण्यासाठीं येणारा एक कायद्याचा विद्यार्थी. तो म्हणे कीं, २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोसला वीस षट्कांचा विश्वचषक याच कर्णधारानें आणला, त्याच वर्षाच्या आरंभीं इंग्लंडला मायदेशांत ४-१ असें याच कर्णधारानें हरविलें, हें सर्व सहा महिन्यांत पाण्यांत गेलें काय? न्यूझीलंडविरुद्धच्या त्याच सहा डावांत विराट कोहलींच्या धांवा ९३ होत्या; ९१ अयोग्य आणि ९३ योग्य, ही सीमारेषा कोणी आंखली? पुण्यास मिचेल सँटनर यांनीं १३ गडी टिपले, मुंबईस एजाज पटेल यांनीं ११. चेंडू वळावा अशा खेळपट्ट्यांवर आपलेच फलंदाज फसले, त्याला एकटा कर्णधार काय करणार? वाद रोज असाच चाले. एके दिवशीं हिशेबनिसांच्या पत्नी, ज्या एरवीं या चर्चेकडे पाठ करून बसत, एकाएकीं म्हणाल्या, "पण याला काढून आणणार कोणाला, तें सांगा ना!" क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग पांच जणांनीं पांच नांवें सांगितलीं.

आमच्या मतें येथें तीन निरनिराळे प्रश्न एकाच पिशवींत कोंबले जात होते, आणि म्हणूनच कोणी हरत नव्हता. फलंदाज म्हणून हा मनुष्य अकरांत बसण्याजोगा आहे काय, हा एक. संघ चालविण्याचें कौशल्य त्याच्या ठायीं आहे काय, हा दुसरा. आणि तिसरा बाईंचा. पहिल्याचें उत्तर धांवांत मिळतें. दुसऱ्याचें धांवांत मिळत नाहीं, आणि जयापजयांतही पूर्णपणें मिळत नाहीं. त्यासाठीं एकेक निर्णय उघडून पाहावा लागतो. बंगळुरची नाणेफेक हा निर्णय चुकला. खेळपट्टी ओळखण्यांत आपली चूक झाली, असें शर्मा यांनीं त्याच दिवशीं सायंकाळीं स्वतःच सांगितलें. ती चूक त्यांच्या खात्यावर मांडलीच पाहिजे. उलट, पर्थला राहुल व जयस्वाल यांनीं दुसऱ्या डावांत २०१ धांवांची सलामी दिली म्हणून ॲडलेडला व ब्रिस्बेनला कर्णधार आपली सलामीची जागा सोडून सहाव्या क्रमांकावर उतरले, हें आम्हांस शोभादायक वाटतें. परंतु पुढें मेलबर्नला ते पुन्हां सलामीस आले, राहुल तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि शुभमन गिल यांस बाहेर बसावें लागलें. एका माणसाच्या जागेसाठीं बसलेली घडी विस्कटली, हें आम्हांस पटलें नाहीं. अशी झाडाझडती अवश्य घ्यावी. पण "संघ हरला, म्हणून कर्णधार नालायक" या वाक्यांतील "म्हणून" हा शब्द फुकट मिळत नाहीं. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर तेथें हेतु आहे, व्याप्ति नाहीं.

कुरुक्षेत्रावर कौरवांनीं सेनापति किती बदलले हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तरी एकवार मोजून पाहावें. भीष्म दहा दिवस, द्रोण पांच, कर्ण दोन, शल्य अर्धा. आणि सर्व संपल्यावर मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनानें अश्वत्थाम्यास अभिषेक करविला तो पांचवा. पांडवांचा सेनापति मात्र पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत एकच, धृष्टद्युम्न. तो भीष्मद्रोणांहून मोठा योद्धा होता असें कोणीही म्हणणार नाहीं. त्याच्याच सैन्यांत त्याच्याहून मोठे दोघे-तिघे होते, आणि ते त्याच्या हाताखालीं निमूटपणें लढले. कौरवांकडे सेनापतींचा तुटवडा नव्हता. तेथें रोग दुसरा होता, आणि तो उद्योगपर्वांतच दिसतो. युद्धारंभापूर्वीं भीष्म दोन्ही दळांतील वीरांची प्रतवारी लावतात, हा रथी, हा अतिरथी असें सांगत जातात, आणि कर्णाची पाळी येतांच त्याला अर्धरथी ठरवितात. परिणाम असा कीं, भीष्म पडेपर्यंत दहा दिवस कर्णानें शस्त्र धरलें नाहीं. हल्लीं ही प्रतवारी प्रत्येक बाकावर आणि तर्री-पोह्याच्या प्रत्येक गाडीवर लागत असते. भीष्मांना निदान धनुर्विद्या येत होती.

याहून जवळचें उदाहरण आपल्या विदर्भाचें. १९५७-५८ पासून आपला संघ रणजी करंडकांत खेळत आला, आणि साठ वर्षें करंडक दुसऱ्यांच्या घरीं जातांना पाहत राहिला. १ जानेवारी २०१८ रोजीं इंदुरास दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून त्यानें तो प्रथम जिंकला, तेव्हां कर्णधार होते नागपूरचे फैज फजल. त्यांनीं त्या हंगामांत ९१२ धांवा काढल्या, हें खरें. परंतु हेच फजल हरणाऱ्या विदर्भाकडूनही वर्षानुवर्षें खेळले होते. या वेळीं शिकविण्यास चंद्रकांत पंडित होते, मुंबईहून आलेले वसीम जाफर फलंदाजींत होते, आणि अंतिम सामन्यांत लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद करणारे रजनीश गुरबानी होते. मनुष्य तोच, भोंवतालचीं माणसें निराळीं.

आणि जय हेंच एकमेव प्रमाण मानावयाचें तर नागपूरच्या थोरल्या सुपुत्राचें, कर्नल सी. के. नायडू यांचें, काय करावयाचें? १८९५ सालीं येथेंच जन्मलेले नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार. १९३२ सालीं लॉर्ड्सवर एक आणि १९३३-३४ मध्यें मायदेशांत तीन, असे चार सामने त्यांनीं चालविले. तीन हरले, एक अनिर्णित राहिला. विजय एकही नाहीं. हिशेबनिसांच्या वहींत ही बाकी शून्यच निघते. परंतु लॉर्ड्सवर क्षेत्ररक्षण करतांना हात दुखावला असतांही पहिल्या डावांत संघांतील सर्वांत जास्त, चाळीस, धांवा त्यांनींच काढल्या. त्या दौऱ्याचे नेमलेले कर्णधार होते पोरबंदरचे महाराज. आपली फलंदाजी या सामन्यास पुरी पडणार नाहीं हें ओळखून ते स्वतः बाजूला झाले, म्हणून नायडूंकडे धुरा आली. महाराजांची थट्टा पुष्कळ झाली आहे, पण हा त्यांचा निर्णय आम्ही उत्तम कर्णधाराचा निर्णय समजतों.

चार वर्षांनीं काय झालें तेंही पाहावें. १९३६ च्या इंग्लंडच्या दौऱ्यावर कर्णधार होते विजयानगरमचे महाराजकुमार. लाला अमरनाथ यांना पहिल्या कसोटीपूर्वींच मायदेशीं परत पाठविण्यांत आलें, नायडूंस त्यांच्या हाताखालीं खेळावें लागलें, आणि महाराजकुमार तिन्ही कसोटी सामने स्वतः खेळले. सहा डावांत त्यांच्या धांवा झाल्या ३३. मालिका २-० अशी गेली. ओव्हलवरील शेवटच्या डावांत चाळीस वर्षांच्या नायडूंनीं ८१ धांवा काढल्या. तो त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला.

हा ३३ चा आंकडा वाचकांनीं क्षणभर ध्यानांत ठेवावा. ऑस्ट्रेलियांतील तीन सामन्यांत रोहित शर्मा यांच्या पांच डावांतील धांवा अशा: ३, ६, १०, ३ आणि ९. बेरीज ३१. दोन्ही कर्णधारांची फलंदाजी जवळजवळ एकाच मापाची; फरक पुढें आहे. ३ जानेवारी २०२५ रोजीं सिडनीस पांचवा सामना सुरू झाला तेव्हां शर्मा स्वतःहून बाहेर बसले. दुसऱ्या दिवशीं उपाहाराच्या वेळीं त्यांनीं सांगितलें कीं, धांवा होत नाहींत म्हणून या सामन्यापुरता मीं बाजूला झालों आहें, निवृत्त झालेलों नाहीं. आणि माझा निर्णय बाहेर लेखणी किंवा ध्वनिक्षेपक घेऊन बसलेल्या माणसांनीं करावयाचा नाहीं. हें दुसरें वाक्य आमच्या मेळ्यास फार झोंबलें. आम्हांस मात्र तें न्याय्य वाटलें. फलंदाज म्हणून त्या महिन्यांत त्यांना अकरांत जागा नव्हती, हा हिशेबनिसांचा निष्कर्ष आम्हांस मान्य आहे. पण तो निष्कर्ष कर्णधारानें स्वतःच काढला आणि स्वतःवर लागू केला. मग कर्णधार म्हणून त्याची पारख नाहीं, असें कसें म्हणावें?

सिडनीस पुन्हां बुमराह कर्णधार झाले. सामन्याच्या मध्येंच त्यांची पाठ दुखावली, दुसऱ्या डावांत त्यांना गोलंदाजी करतां आली नाहीं, आणि भारत सहा गड्यांनीं हरला. मालिका ३-१ अशी गेली. पर्थला जिंकलेला कर्णधार तोच, सिडनीस हरलेलाही तोच. त्या सायंकाळीं हिशेबनीस बागेंत आले नाहींत.

पुढचा इतिहास त्वरेनें सांगतों. २०१० च्या त्या दुर्दैवी सकाळीस बरोबर पंधरा वर्षें होत असतां, ६ फेब्रुवारी २०२५ रोजीं, शर्मा पुन्हां जामठ्यास इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामना खेळण्यास आले, आणि २ धांवांवर बाद झाले. सामना भारतानें जिंकला, तरी परतणाऱ्या गर्दींत विषय त्या दोन धांवांचाच होता. तीनच दिवसांनीं कटकला त्यांनीं ११९ धांवा काढल्या. ९ मार्च रोजीं दुबईस चँपियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यांत ७६ धांवा काढून त्या सामन्याचे मानकरी ठरले, आणि करंडक घेऊन आले. कसोटीचा प्रश्न त्यानें सुटला नव्हता. तो त्यांनीं ७ मे रोजीं कसोटींतून निवृत्त होऊन सोडविला: ६७ सामने, ४३०१ धांवा, कर्णधार म्हणून २४ सामने, त्यांत १२ जय, ९ पराजय, ३ अनिर्णित.

त्यानंतर पंचवीस वर्षांचे शुभमन गिल कर्णधार झाले. इंग्लंडांत त्यांनीं २-२ अशी बरोबरी साधली तेव्हां मेळ्यांत समाधान पसरलें. नोव्हेंबर २०२५ मध्यें दक्षिण आफ्रिकेचा संघ आला. कलकत्त्यास गिल यांची मान दुखावली आणि भारत ३० धांवांनीं हरला. गुवाहाटीस ऋषभ पंत यांनीं धुरा घेतली, आणि तेथें पराभव झाला तो ४०८ धांवांनीं. न्यूझीलंडच्या त्या मालिकेपासून मोजल्यास चौदा महिन्यांच्या आंत चार सेनापति झाले. बाईंनीं आपला जुना प्रश्न पुन्हां विचारला. हिशेबनिसांनीं लगेच पांचवें नांव सुचविलें. तें आम्ही येथें देत नाहीं.