मनगटाचा अंदाज
ब्रेक लावताच मोटारीचा भार पुढच्या चाकांकडे झुकतो. म्हणूनच तेथील ब्रेक-कॅलिपरचा व सस्पेन्शनचा प्रत्येक बोल्ट किती न्यूटन-मीटर पिळाने आवळावा, हे उत्पादक ठरवून देतो. पीळ कमी पडला तर बोल्ट हादऱ्यांनी सैल होतो; अधिक झाला तर ताणून निकामी होतो. आट्यांना तेल लागले तरी हिशेब चुकतो. तरीही रस्त्याकडेच्या कित्येक गॅरेजांत मनगटाचा अंदाज हेच प्रमाण! दोष केवळ मिस्त्रीचा नव्हे. नगावर मजुरी घेणाऱ्याला मोजमापाचा वेळ परवडत नाही. आकड्यांची पुस्तिकाही बहुधा इंग्रजीत असते. ग्राहकाने बिलातील रुपयांइतकीच या आकड्यांची चौकशी केली, तरच टॉर्क रेंच चैन न राहता गरज ठरेल. मागणीवाचून बाजारात सुरक्षितताही मिळत नाही.