नळीची वहिवाट

गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदलून रुग्णास शस्त्रक्रियागृहातून बाहेर आणले, म्हणजे त्याच्या पट्टीखालून निघालेल्या नळीच्या टोकाशी रक्ताने हळूहळू भरत जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीकडे नातेवाइकांची दृष्टी प्रथम वळते. आणि नासके रक्त निघून जात आहे तेव्हा सर्व यथास्थित आहे, असे समाधान ते मानून घेतात. हे समाधान निराधार आहे, आणि सरसकट प्रत्येक रुग्णास नळी घालण्याचा रिवाज आता बंद व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या रिवाजाचा उगम अविचारात नव्हता, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. जखमेत साचलेले रक्त जंतूंचे पोषण करते, सूज वाढवते आणि टाक्यांवर ताण आणते, सबब ते बाहेर काढावे, हा तर्क सकृद्दर्शनी निर्दोष होता. आणि १९६१ साली वॉ व स्टिंचफील्ड या अमेरिकन शल्यविशारदांनी अस्थिशल्यातील जखमांसाठी रक्त ओढून घेणाऱ्या बंद नळीचा पुरस्कार केल्यानंतर तिची वहिवाट जगभर पडली.

परंतु सांधा ही बंदिस्त जागा आहे. तिच्यात थोडे रक्त साचले, की त्याचाच दाब भोवतालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर पडून स्राव आपोआप थांबू लागतो; नळी नेमका हाच दाब नाहीसा करते, आणि जे रक्त शरीरातच थोपले असते ते डबीत जमा होत राहते. २००७ साली कॉक्रेन संस्थेने विविध अस्थिशस्त्रक्रियांवरील ३६ चाचण्यांची, म्हणजे ५,४६४ रुग्णांची, छाननी प्रसिद्ध केली, तेव्हा जंतुसंसर्ग, रक्तगाठ, जखम उसवणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, यांपैकी कोणत्याही बाबतीत नळीचा लाभ सिद्ध झाला नाही. उलट नळी घातलेल्यांना बाहेरचे रक्त अधिक वेळा द्यावे लागले. नळी नसलेल्यांच्या पट्ट्या अधिक भिजल्या आणि त्यांची कातडी अधिक काळीनिळी पडली, हेही त्याच छाननीत नमूद आहे. पण पट्टी बदलता येते आणि काळेनिळेपणा ओसरतो. रक्ताच्या पिशवीसाठी रक्तपेढीच्या दारात रक्तदाता हुडकत उभ्या राहणाऱ्या मुलास या दोहोंतील तारतम्य समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीने २०१५ च्या मार्गदर्शिकेत गुडघेरोपणात नळी वापरू नये, असा सबळ पुराव्यानिशी अभिप्राय दिला आहे. शिवाय ओकामोतो दांपत्याने १९६२ साली जपानमध्ये प्रसिद्धीस आणलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आता सांधेरोपणात रूढ झाले असून, त्या स्वस्त औषधाने रक्तस्राव मुळातच घटत असल्यामुळे नळीची उरलीसुरली गरजही क्षीण झाली आहे.

रुग्ण लवकर बरा होण्याचा आजचा मार्ग लवकर चालण्यातून जातो. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी वॉकर धरून उभ्या राहणाऱ्या सत्तरीच्या आजींना एका बाजूस सलाईन, दुसऱ्या बाजूस लघवीची पिशवी आणि त्यांत भर म्हणून ही डबी सांभाळावी लागली, तर पहिले पाऊल भीतीनेच अडते. नळी काढतानाची वेदना, टाक्यात ती अडकण्याचा क्वचित प्रसंग, आणि ती जितकी रेंगाळेल तितका जंतूंना आत शिरण्यास वाव, या बाबी वेगळ्याच. असे असूनही ती टिकून आहे. कारण, स्पष्ट बोलण्याची मुभा असेल तर, तिच्यामुळे रुग्णापेक्षा शल्यविशारदाचीच रात्र अधिक निश्चिंत जाते.

जंतुबाधित सांधा, जुने रोपण काढून केलेली अवघड शस्त्रक्रिया, रक्त न गोठण्याची व्याधी, अशा प्रसंगी नळीचा निर्णय शल्यविशारदाच्या विवेकावर सोपवणेच योग्य होय. मात्र पहिल्याच सांधेरोपणासाठी दाखल होणाऱ्या रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत नळी घालणार काय, आणि घालणार असल्यास कोणत्या कारणास्तव, हे नम्रपणे परंतु अवश्य विचारावे. तिला सबळ कारण सांगितले गेले तर खुशाल मान्यता द्यावी, आणि 'आम्ही नेहमीच घालतो' एवढेच उत्तर मिळाले तर दुसऱ्या शल्यविशारदाचा सल्ला घेण्यास संकोच करू नये.