बहिर्जी नाईकांना मध्ये आणू नका

"आम्ही म्हणजे आजच्या काळातले बहिर्जी नाईक!" निवडणुकीचा डेटा हाताळणाऱ्या कंपन्यांत लागलेले आपले मित्र-मैत्रिणी हल्ली असं सांगतात. पोलिटिकल इंटेलिजन्स हा शब्दच भारदस्त आहे हो. पण मंडळी, बहिर्जी शत्रूच्या गोटातली खबर काढत. तुम्ही कोणाची काढता? मतदाराची!

पूर्वज हवाच असेल तर खुलताबादला जा. १७०७ साली वारलेला औरंगजेब तिथे पुरलेला आहे. त्याच्या राज्यात वाकेनवीस उघडपणे आणि खुफियानवीस गुपचूप बातम्या लिहून पाठवत. कशाच्या? तर स्वतःच्याच सुभ्यांत कोण काय करतंय याच्या. तुमची नोकरी या खात्यातली.

खुलताबाद माझं आजोळ, म्हणून उदाहरणही तिथलंच घेतो. तालुका विधानसभेला गंगापूर मतदारसंघात आणि लोकसभेला औरंगाबादमध्ये येतो. २०१९ मध्ये इम्तियाज जलील यांनी चंद्रकांत खैरेंना अवघ्या ४,४९२ मतांनी हरवलं. फरक एवढासा असला की एकेक बूथ सोन्याच्या भावाचा होतो. मग अ‍ॅनालिस्ट लागतो.

तो करतो काय? मतदार यादीच्या पीडीएफ उतरवतो, ओसीआर चालवतो. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, सगळं एक्सेलमध्ये. यादीत जातीचा रकाना नसतो. तो हा पठ्ठ्या तयार करतो! आडनावावरून जात, नावावरून धर्म. शेजारी फॉर्म २० मधले बूथवार निकाल चिकटवायचे, की झालं. एका बूथवर हजार-बाराशे मतदार, लहान गावात त्याहूनही कमी. म्हणजे अमुक वस्तीने कोणाला मत दिलं हे जवळपास कळलंच की. मग रंग द्यायचे: आपले, त्यांचे, कुंपणावरचे.

मत गुप्त असतं, असं आपण नागरिकशास्त्रात पाठ केलं होतं. असो.

"पण हा डेटा पब्लिक आहे, बेकायदा काय त्यात?" हा ठरलेला प्रश्न. बरोबर आहे. कायद्यानेच जाहीर करावी लागणारी माहिती २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवली आहे. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण फुटलं तेव्हा आपण सगळे फेसबुकवर तुटून पडलो. इथे तर फेसबुकची गरजच नाही, सरकारी पीडीएफ पुरते. पण कायदेशीर आहे म्हणून निरुपद्रवी आहे का? जिंकलेल्या माणसाच्या टेबलावर तुमचा रंगीत नकाशा पडलेला असेल, तर पाण्याची टाकी आधी कुठल्या रंगाला मिळेल, सांगा बरं!

हा धोका नवा नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात दहशतीची किंवा सूडाची भीती असेल, तर निवडणूक आयोग नियम ५९-अ खाली वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजायला लावू शकत असे. ईव्हीएम आली आणि ते मिसळणं गेलं. २००८ मध्ये आयोगानेच टोटलायझर सुचवला, म्हणजे अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं उपकरण. २०१५ मध्ये विधी आयोगाने त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र विरोध केला. एक साधी बेरीज हो! आपल्यातला कुठलाही फ्रेशर दुपारच्या चहाआधी लिहून देईल :-)

"मी नाही केलं तर दुसरा करेल." करेल ना. पण मग "मी फक्त डेटा बघतो, राजकारण माझं नाही" हे तरी म्हणू नका. रकाना तुम्ही तयार केलात, रंग तुम्ही दिलेत.

या नोकरीत पगार बरा असतो, मान्य. त्यामुळे सोडा असं सांगणार नाही. जातीचा रकाना भरायला सांगतील तेव्हा "नाही" म्हणा, एवढंच. त्यांनी कारण विचारलं तर सांगा, की मत गुप्त असतं. आणि कोडिंगची खाज असेलच, तर त्याच यादीतून जिवंत माणसांची नावं कुठे गळाली आहेत, ते शोधा. तेही सगळ्या रंगांच्या बूथांवर.

मग खुशाल म्हणवून घ्या बहिर्जी.